बीजिंगचा राजेशाही वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजिंगला निघालेल्या प्रवाशांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर युआनमध्ये आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिथला गर्दीचा हंगाम आणि नोव्हेंबर ते मार्च हा कमी गर्दीचा. बऱ्याच ठिकाणी या दोन हंगामांचे दर वेगळे असतात, म्हणून जिथे दोन आकडे आहेत तिथे पहिला गर्दीच्या हंगामाचा समजावा.

१. राजेशाही बीजिंग म्हणजे फक्त फॉरबिडन सिटी, की आणखी काही?

फॉरबिडन सिटी (निषिद्ध नगरी) हा त्याचा मधला भाग झाला. हे शहर ११५३ मध्ये जिन घराण्याची राजधानी होतं. १२६७ पासून कुबलाई खानाने शेजारी आपली दादू ही राजधानी उभारली. आज दिसतो तो आराखडा मात्र मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाचा: राजवाड्याचं काम १४०६ मध्ये सुरू झालं, १४२० मध्ये संपलं आणि १४२१ पासून दरबार इथून चालू लागला. १६४४ मध्ये ईशान्येकडचे मांचू लोक आले, छिंग घराणं बसलं. त्यांनी शहर न पाडता तेच वापरलं. शेवटचा सम्राट पूयी याने १२ फेब्रुवारी १९१२ रोजी गादी सोडली.

हे सगळं एकाच रेघेवर आखलं आहे. उत्तरेच्या नगारा आणि घंटा मनोऱ्यांपासून दक्षिणेच्या योंगदिंगमेन वेशीपर्यंत ७.८ किलोमीटरची सरळ रेघ आहे. राजवाडा मधोमध, तोंड दक्षिणेला. सम्राटाच्या डाव्या हाताला (पूर्वेला) पूर्वजांचं मंदिर, उजव्या हाताला माती आणि धान्याचा ओटा. शहराच्या दक्षिणेला आकाशाचं मंदिर (स्वर्ग मंदिर), उत्तरेला पृथ्वीचं, पूर्वेला सूर्याचं, पश्चिमेला चंद्राचं. उन्हाळ्याच्या बागा वायव्येला आणि समाध्या उत्तरेच्या डोंगरात. सम्राटाचं वर्ष आणि आयुष्य या नकाशावरून फिरायचं. एवढं ध्यानात ठेवून फिरलात तर एक जागा दुसरीचा अर्थ सांगते. नाहीतर तिसऱ्या दिवशी "पुन्हा तीच लाल भिंत, तेच पिवळं छप्पर" असं होतं, आणि बहुतेकांचं होतंच.

२. किती दिवस लागतात आणि कोणत्या क्रमाने बघावं?

घाई न करता चार दिवस. पहिल्या दिवशी राजवाडा आणि त्याच्या पाठीमागची जिंगशान टेकडी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वर्ग मंदिर, दुपारी योंगहेगोंग लामा मंदिर आणि त्याच्या समोरच्या गल्लीतलं कन्फ्यूशियस मंदिर. तिसऱ्या दिवशी समर पॅलेस आणि युआनमिंगयुआन (ओल्ड समर पॅलेस), कारण दोन्ही मेट्रोच्या ४ नंबर मार्गावर शेजारी शेजारी आहेत. चौथ्या दिवशी मिंग समाध्या. चीनची भिंत बघायची असेल तर पाचवा दिवस ठेवा. भिंत आणि समाध्या एका दिवसात उरकणाऱ्या सहली मिळतात, पण त्यात समाध्यांच्या वाट्याला जेमतेम तास येतो.

एकच दिवस असेल तर राजवाडा आणि जिंगशान. त्यात तिसरं काही घुसवू नका.

३. फॉरबिडन सिटीचं तिकीट भारतातून कसं काढायचं?

दारावर तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका, आगाऊ नोंदणीच करावी लागते. चिनी लोक या जागेला गुगोंग म्हणतात. नोंदणी राजवाडा संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वीचॅट या चिनी अॅपमधल्या त्यांच्या मिनी प्रोग्रॅमवर होते. दर ६० / ४० युआन.

तिकिटं भेटीच्या ७ दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता खुली होतात. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ५.३०. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती भराभर संपतात, त्यामुळे ५.२० ला सगळ्यांचे पासपोर्ट समोर घेऊन बसा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. सकाळ आणि दुपार असे दोन भाग असतात. शक्यतो सकाळचं घ्या: ते घेतलं की दुपारी १२ च्या आत शिरावं लागतं, पण बाहेर काढत कुणी नाही.

कागदी तिकीट नसतं. पासपोर्ट हेच तिकीट, तोच दारावर तपासतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलेली माणसं रोज परत जातात. लहान मुलांचीही स्वतंत्र नोंदणी त्यांच्या पासपोर्टवर करावी लागते.

४. संकेतस्थळावर तिकीट संपलेलं दिसतंय. बाहेर कुणी जादा पैशांत देतंय, घ्यावं का?

नाही. तिकीट पासपोर्ट क्रमांकाला जोडलेलं असतं, ते एकाच्या हातून दुसऱ्याला विकता येतच नाही. बाहेर हटकणारा माणूस बहुतेक वेळा महागडी सहल किंवा भलतीच जागा गळ्यात मारतो. रद्द झालेली तिकिटं पुन्हा यादीत येतात, म्हणून भेटीच्या आदल्या दिवशीपर्यंत अधूनमधून बघत राहा. दुपारच्या भागात जागा लवकर सापडते. काहीच जमलं नाही तर जिंगशानवर चढा (प्रश्न ८) आणि राजवाड्याच्या पूर्वेच्या पूर्वज मंदिरात, ताइमियावमध्ये जा. तिथला मुख्य सभामंडप राजवाड्याच्या तोडीचा आहे आणि गर्दी फारच कमी असते.

५. आम्ही नेमके सोमवारी मोकळे आहोत. काय उघडं असतं?

गुगोंग सोमवारी बंद. स्वर्ग मंदिराची बाग उघडी असते, पण आतल्या मुख्य वास्तू बंद. समर पॅलेसचंही तसंच: तळ्याकाठी फिरता येतं, बुद्ध मनोऱ्यावर चढता येत नाही. कन्फ्यूशियस मंदिर आणि राजपुत्र गोंगचा वाडाही बंद. सोमवारी जिंगशान, बैहाई बाग, युआनमिंगयुआन किंवा चीनची भिंत ठेवा.

अपवाद असा, की सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आली तर गुगोंग उघडं राहतं. पण त्या दिवशी अर्धा देश तिथेच आलेला असतो.

६. आत कोणत्या दाराने जायचं? तियानआनमेन चौकाची वेगळी नोंदणी लागते का?

आत जायला एकच दार: दक्षिणेचं वूमेन. बाहेर पडायला उत्तरेचं शेनवूमेन किंवा पूर्वेचं दोंगहुआमेन. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. टॅक्सीवाल्याला नुसतं "गुगोंग" सांगितलं की तो कधीकधी उत्तर दारापाशी सोडतो. तिथून खंदकाला वळसा घालून वूमेनला यायला जवळपास दोन किलोमीटर पायपीट होते, आणि सकाळच्या तिकिटाची वेळ हुकू शकते.

वूमेनला जायच्या दोन वाटा सोयीच्या. एक, मेट्रो १ च्या तियानआनमेन पूर्व स्थानकावरून तियानआनमेन वेशीखालून सरळ. इथे सुरक्षा तपासणीची रांग लांब असते, गर्दीच्या दिवशी तासभर धरा. दुसरी, मेट्रो ८ च्या जिनयू हुतोंग स्थानकावरून पश्चिमेला चालत दोंगहुआमेनपर्यंत आणि तिथून खंदकाच्या कडेने वूमेन. साधारण २० मिनिटं लागतात. आम्ही दुसरीच सुचवतो, कारण कोपऱ्याचा बुरूज आणि ५२ मीटर रुंद खंदक आधीच बघून होतो.

रस्त्यापलीकडच्या मोठ्या चौकात उभं राहायचं असेल तर मात्र त्याची मोफत पण वेगळी नोंदणी निदान आदल्या दिवशी करावी लागते. गुगोंगचं तिकीट तिथे चालत नाही.

लायटर कुठेच आत नेऊ देत नाहीत.

७. आत शिरल्यावर लोंढ्याबरोबर सरळ चालत राहावं की दुसरी वाट आहे?

दक्षिणोत्तर अंतर ९६१ मीटर. लोंढ्याबरोबर गेलात तर दीड तासात उत्तरेला बाहेर पडाल आणि पाहिलेलं असेल ते समोरच्याचं डोकं. किमान ४ तास ठेवा.

आपला वाडा डोळ्यासमोर आणा: देवडी, बाहेरचा चौक, कचेरी, मग आतला चौक आणि बायकामाणसांचा भाग. गुगोंगची रचना तीच, फक्त अवाढव्य. दक्षिणेला दरबाराचा भाग, त्यात तीन सभामंडप एकाच तिमजली संगमरवरी जोत्यावर. पहिला ताइहेदियान हा राज्याभिषेकाचा. आत जाता येत नाही, दारातून बघायचं असतं आणि तिथेच रेटारेटी होते. त्यापेक्षा जोत्याकडे लक्ष द्या. कठड्याखाली ड्रॅगनच्या तोंडांच्या पन्हळी आहेत, एकूण १,१४२. जोरदार पाऊस झाला की त्यातून पाणी उडतं. पावसाच्या दिवशी तिकीट असेल तर हळहळू नका.

तिसऱ्या मंडपाच्या, बाओहेदियानच्या, पाठीमागे उतरणीवर एकाच दगडात कोरलेला ड्रॅगनांचा उतार आहे: १६.५७ मीटर लांब, ३.०७ मीटर रुंद, वजन २०० टनांहून जास्त. असे दगड हिवाळ्यात आणत. रस्त्यावर पाणी ओतून बर्फाची वाट करायची आणि त्यावरून घसरत ओढायचं. पुढे जाणारे निम्मे लोक तो न बघताच उतरतात, कारण तो त्यांच्या पाठीमागे राहतो. खाली उतरलात की मागे वळा.

तिथून सरळ न जाता पूर्वेला किंवा पश्चिमेला वळा. राण्यांच्या सहा-सहा चौकांत गर्दी निम्म्याने ओसरते. जागोजागी ठेवलेले मोठे धातूचे रांजण शोभेचे नाहीत, आग विझवायच्या पाण्याचे आहेत. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली निखारे ठेवत. सोन्याचा मुलामा असलेल्या रांजणांवर खरवडल्याच्या बारीक समांतर रेघा आहेत. १९०० मध्ये शहरात घुसलेल्या परकी सैन्याचं ते काम, असं तिथे सांगतात. कडेने ऊन पडलं की रेघा स्वच्छ दिसतात.

८. जिंगशान टेकडीवर सकाळी जावं की संध्याकाळी?

राजवाड्यानंतर, दुपार उतरल्यावर. टेकडी राजवाड्याच्या उत्तरेला आहे, म्हणजे तुम्ही दक्षिणेकडे बघत असता आणि भर दुपारी सूर्य समोर येतो. फोटोत छपरं काळी पडतात. उतरत्या उन्हात पिवळी कौलं पेटल्यासारखी दिसतात. तिकीट २ युआन, दार शेनवूमेनच्या समोर रस्त्यापलीकडे. चढ १५ मिनिटांचा. टेकडी नैसर्गिक नाही, मिंग काळात खंदक खणताना निघालेल्या मातीची आहे. तिच्या पूर्व उतारावर शेवटच्या मिंग सम्राटाने, छोंगझेनने, १६४४ मध्ये गळफास घेतला. आज दाखवतात ते झाड नंतर लावलेलं आहे.

९. आतली १० युआनची दोन जादा तिकिटं घ्यावीत का?

रत्नदालनाचं जरूर घ्या. नाव रत्नांचं असलं तरी ते तिकीट म्हणजे ईशान्येचा अख्खा विभाग आहे: छ्येनलोंग सम्राटाने निवृत्तीसाठी बांधलेला राजवाडा, त्याचं नाट्यगृह, नऊ ड्रॅगनांची भिंत आणि झेन या राणीची विहीर. १९०० मध्ये दरबार पळून जाताना तिला या विहिरीत ढकललं गेलं असं मानतात. तोंड इतकं अरुंद, की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. घड्याळदालन यंत्रांची आवड असेल तरच.

नऊ ड्रॅगनांच्या भिंतीपाशी पूर्वेकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन शोधा. त्याच्या पोटाचा एक तुकडा चिनी मातीचा नाही, लाकडाचा आहे. भाजताना फरशी फुटली आणि कारागिराने रातोरात लाकूड कोरून रंगवलं, ही त्यामागची दंतकथा. लाकूड मात्र खरं. रंग उडाल्यामुळे ते ओळखू येतं. अशीच भिंत बैहाई बागेतही आहे, म्हणून फोटो बघताना लोकांचा गोंधळ होतो. बैहाईच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी ड्रॅगन आहेत, राजवाड्यातल्या भिंतीला एकाच.

१०. राजवाड्यात खरंच ९,९९९ खोल्या आहेत का?

नाहीत. मोजणीत ८,७०७ भरल्या. आणि 'खोली' हेही भाषांतरातलं घोटाळ्याचं टोक. मूळ शब्द ज्येन, म्हणजे चार खांबांमधली जागा, अगदी आपला 'खण'. पाच खणी घर म्हणताना आपण जे मोजतो तेच ते मोजतात. ताइहेदियान ११ खण रुंद आणि ५ खण खोल आहे, म्हणजे एकाच सभामंडपाच्या ५५ 'खोल्या' होतात. ९ हा सर्वात मोठा एकअंकी विषम आकडा, म्हणून सम्राटाचा. त्यातून ९,९९९ ची कथा निघाली.

११. छपरावरचे लहान प्राणी आणि कौलांचे रंग कसे वाचायचे?

छपराच्या उतरत्या कोपऱ्यावर पक्ष्यावर बसलेला स्वार आणि त्याच्या मागे प्राण्यांची रांग असते. स्वार सोडून प्राणी मोजा. जितके जास्त तितकी इमारत मानाची, आणि आकडा सहसा विषम. ताइहेदियानवर मात्र १० आहेत, आणि दहावा, पंखवाला माकडतोंड्या, चीनमध्ये दुसऱ्या कुठल्याच छपरावर नाही. दुर्बीण किंवा फोनचा झूम लागतो.

पिवळी कौलं सम्राटाची, हिरवी राजपुत्रांची. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची, वेनयुआनगची, कौलं काळी आहेत, कारण काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना धोका आगीचा. स्वर्ग मंदिराची निळी. योंगहेगोंग आधी राजपुत्राचा वाडा होता, पण त्याच राजपुत्राचं, म्हणजे सम्राट योंगझेंगचं, शव तिथे ठेवायचं ठरलं तेव्हा हिरवी कौलं काढून पिवळी घातली.

१२. काही दारांवरच्या पाट्यांवर दोन लिप्या आहेत, काहींवर एकच. असं का?

उभी, साखळीसारखी लिपी मांचू, दुसरी चिनी. छिंग काळात दोन्ही असत. १९१२ नंतर राजवाड्याचा पुढचा भाग नव्या सरकारकडे गेला आणि तेव्हाचा सत्ताधीश युआन शिकाई याच्या काळात तिथल्या पाट्यांवरून मांचू काढली गेली. मागच्या भागात पूयी १९२४ पर्यंत राहत होता, म्हणून तिथे ती टिकली. पाटीवरूनच कळतं की तुम्ही कोणत्या भागात आहात.

१३. स्वर्ग मंदिराचं साधं तिकीट घ्यावं की एकत्रित? आणि कोणत्या दाराने जावं?

एकत्रित घ्या (३४ / २८). साध्या तिकिटात (१५ / १०) फक्त बाग मिळते, गोल मंदिर भिंतीआड राहतं. पूर्व दारापाशी मेट्रो ५ चं स्थानक आहे म्हणून सगळे तिथून शिरतात, गोल मंदिर बघतात आणि परत फिरतात. ही जागा उलटी बघितल्यासारखं होतं. दक्षिण दाराने जा.

दक्षिणेला आधी लागतो उघड्या आकाशाखालचा तीन पायऱ्यांचा गोल ओटा, हुआनछिऊ. खरा मानाचा विधी इथला: हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी, उपवास करून, पहाटेच्या अंधारात सम्राट आकाशापुढे वाकायचा. वरच्या मजल्यावर मध्ये एक गोल दगड, भोवती ९ दगडांचं कडं, मग १८, २७, असं नवव्या कड्यात ८१. मधला सोडून बेरीज ४०५. मधल्या दगडावर उभं राहून बोललात तर कठड्यावरून परतलेला आपलाच आवाज भरदार ऐकू येतो. रांग असतेच, पण ऐकूनच निघा. त्यापुढची 'प्रतिध्वनीची भिंत' मात्र आता गोंगाटात फारशी साथ देत नाही.

मग ३६० मीटरचा उंचावलेला रस्ता. मधली पट्टी देवाची, पूर्वेची सम्राटाची, पश्चिमेची सरदारांची. त्याच्या टोकाला गोल मंदिर, छिनियानदियान, वसंतात चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायचं. आत २८ खांब: मधले ४ ऋतूंचे, मधल्या वर्तुळातले १२ महिन्यांचे, बाहेरचे १२ दिवसाच्या प्रहरांचे. १८८९ मध्ये वीज पडून मूळ मंदिर जळालं. सध्याचं १८९६ मध्ये पूर्ण झालं. तिन्ही छपरं निळी असण्याची पद्धतही १७५१ नंतरची. त्याआधी निळं, पिवळं, हिरवं असं होतं.

सकाळी ८ च्या आत पोहोचलात तर जुन्या सुरूच्या झाडांखाली गाणारे, नाचणारे, पत्ते कुटणारे शहरवासी भेटतात. ते चुकवू नका.

१४. समर पॅलेस आणि ओल्ड समर पॅलेस एकच का? वेळ कमी असेल तर कोणता?

दोन वेगळ्या बागा. समर पॅलेस म्हणजे यीहेयुआन (३० / २०, एकत्रित ६० / ५०). छ्येनलोंगने १७५० मध्ये आईच्या साठीनिमित्त सुरू केलेला, १८६० मध्ये जळालेला, मग राजमाता त्सिशीने पुन्हा उभा करून १८८८ मध्ये नवं नाव दिलेला. वेळ कमी असेल तर हाच बघा. उत्तर दाराने (बैगोंगमेन) शिरा, टेकडी चढून बुद्ध मनोऱ्याकडे उतरा, मग तळ्याकाठच्या लांब पडवीने चाला: ७२८ मीटर, २७३ खण, प्रत्येक तुळईवर चित्र. टोकाची 'संगमरवरी नाव' निम्मीच संगमरवरी आहे. तळ दगडी, वरचा भाग रंगवलेल्या लाकडाचा. तिथून होडीने पलीकडे सतरा कमानींच्या पुलापाशी उतरता येतं. हिवाळ्यात तळं गोठतं, होड्या बंद असतात, पण डिसेंबरच्या उत्तरार्धात मावळतीचं ऊन एकाच वेळी सगळ्या कमानींतून आरपार जातं. त्या काठावर जागा धरायला दुपारी ३ पर्यंत पोहोचा.

युआनमिंगयुआन ही जुनी बाग. ऑक्टोबर १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी ती लुटली आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने जाळली. फोटोत दिसणाऱ्या युरोपीय धाटणीच्या कमानी हा त्या बागेचा ईशान्येचा लहानसा पट्टा होता. तो दगडी होता म्हणून भग्न का होईना, उरला. बाकीची अफाट बाग लाकडी होती, ती राख झाली. रिकामं गवत आणि जोत्यांचे दगड दिसले की "इथे काही नाही" म्हणून परतू नका. ते रिकामेपणच बघायला जायचं असतं.

१५. मिंग समाध्या तेरा आहेत, मग त्यातल्या कोणत्या बघायच्या?

पवित्र मार्ग आणि छांगलिंग. मार्गावर दुतर्फा दगडी प्राणी २४ आणि माणसं १२. प्राण्यांच्या जोड्यांत एक उभी, एक बसलेली. छांगलिंग ही योंगलची समाधी. तिच्या सभामंडपात नानमू लाकडाचे ६० अखंड खांब आहेत, रंग न दिलेले. राजवाड्यातले मिंग काळातले बरेच खांब आगींत गेले, मिंग लाकूडकाम त्या मापात बघायचं तर इथे या.

बहुतेक सहली दिंगलिंगला नेतात, कारण तिथे २७ मीटर खोल भुयारी दालनात उतरता येतं. १९५६ ते १९५८ मध्ये ती उकरली, रेशमी वस्त्रं हवा लागताच खराब झाली, १९६६ मध्ये सम्राट वानलीची हाडंही जाळली गेली. आज आत दिसणाऱ्या शवपेट्या प्रतिकृती आहेत. या अनुभवानंतर चीनने सम्राटांच्या समाध्या उकरणं थांबवलं. हे माहीत असेल तर दिंगलिंग बघण्यासारखी आहे, खजिन्याच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल.

मिंग सम्राट १६, समाध्या १३ का? पहिला नानजिंगला आहे, दुसरा बंडात नाहीसा झाला, आणि जिंगताइला पदच्युत केल्यामुळे पश्चिमेच्या टेकड्यांत वेगळं पुरलं. देशेंगमेन वेशीपासून ८७२ नंबरची बस समाध्यांपर्यंत जाते.

१६. मेट्रोच्या इतक्या स्थानकांची नावं 'मेन' ने का संपतात?

मेन म्हणजे वेस. मेट्रो २ ची गोल मार्गिका जुन्या तटबंदीच्या जागेवरून धावते. तट विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाडला, वेशी स्थानकांच्या नावात उरल्या. खऱ्या वेशी बघायच्या तर झेंगयांगमेन, देशेंगमेनचा बुरूज आणि आग्नेयेचा कोपरा बुरूज.

१७. यातलं खरोखर जुनं किती आणि नवं बांधलेलं किती?

लाकडी वास्तू जळतात आणि पुन्हा बांधल्या जातात, हे चीनमध्ये गृहीतच असतं. ताइहेदियान सतराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. तियानआनमेन वेस १९६९-७० मध्ये पूर्ण उतरवून पुन्हा उभारली. योंगदिंगमेन १९५७ मध्ये पाडली आणि २००४ मध्ये नव्याने बांधली, तीही त्या ७.८ किलोमीटरच्या रेघेचं टोक हरवू नये म्हणून. जागा, आखणी आणि मापं मात्र जुनी आहेत. आमच्या मते बघायचं तेच.

१८. भारताशी जोडलेलं काही बघायला मिळतं का?

बरंच. भिंतीच्या वाटेवर ज्युयोंगगुआन इथे १३४५ चा दगडी कमानओटा आहे. त्याच्या आतल्या भिंतींवर सहा लिप्यांत बौद्ध मंत्र कोरले आहेत, त्यातली एक रंजना, तिच्यात भाषा संस्कृत. देवनागरी येणाऱ्याला त्या रंजना लिपीतली काही अक्षरं थोड्या प्रयत्नाने लागतात, हा आनंद वेगळाच. प्राणिसंग्रहालयाच्या मागे पाच मनोऱ्यांचं वूतासी मंदिर (१४७३) बोधगयेच्या धर्तीवर बांधलं आहे. योंगहेगोंगमध्ये एकाच चंदनाच्या खोडातून कोरलेला मैत्रेय जमिनीवर १८ मीटर उंच आहे.

दुसरी बाजूही आहे. १८६० च्या ब्रिटिश फौजेत शीख आणि पंजाबी पलटणी होत्या. १९०० मध्ये राजपूत पलटणही आली आणि ब्रिटिशांची छावणी थेट स्वर्ग मंदिरात पडली. आणि अगदी अलीकडचं: ती मध्यरेघ जागतिक वारसा यादीत आली २०२४ मध्ये, नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत.

१९. पैसे, नेट आणि शाकाहारी जेवण यांचं काय?

यूपीआय चालत नाही. निघण्यापूर्वी अलीपे हे पैसे भरायचं चिनी अॅप घेऊन त्याला आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, आणि ओटीपी येणारा भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा. इथेच लोक अडकतात. थोडी रोकड हवीच. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअॅप उघडत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात.

'वो छी सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. पण नुसत्या भाजीतही मांसाचा रस किंवा ऑयस्टर सॉस पडू शकतो. बौद्ध शाकाहारी खाणावळीत तो धोका नाही, मात्र तिथे 'मटण' आणि 'मासा' लिहिलेले पदार्थ सोया आणि कंदांचे असतात, बघून दचकू नका. राजवाड्यात खायची आबाळ होते, पुरचुंडी बरोबर न्या.

२०. बरोबर सत्तरीच्या पुढचे आई-बाबा आहेत. झेपेल का?

राजवाडा झेपतो, जर तीन मंडपांच्या जोत्यावर चढणं टाळलंत तर. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांतून सपाटीने पुढे जाता येतं. सगळा दिवस दगडी फरशीवर ५-६ किलोमीटर चालणं होतं, तेव्हा दोंगहुआमेनने लवकर बाहेर पडायची मुभा ध्यानात ठेवा. जुलै-ऑगस्टचं दमट ऊन आणि जानेवारीची शून्याखालची थंडी टाळा. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर उत्तम, पण १ ते ७ ऑक्टोबर सोडून. समर पॅलेसला त्यांना पूर्व दाराने न्या, टेकडी वगळून लांब पडवी सावलीत होते.

२१. बीजिंगमध्ये विमान बदलायला १२ तास मिळतात. व्हिसा नसताना बाहेर पडून गुगोंग बघता येईल का?

ज्या २४० तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, त्या देशांच्या यादीत भारत नाही. साधा पर्यटक व्हिसा काढूनच निघा. व्हिसा असेल तर १२ तासांत जमतं, पण वेळेचं गणित घट्ट असतं: उतरून बाहेर पडायला दीड-दोन तास, कॅपिटल विमानतळावरून एक्स्प्रेसने दोंगझिमेन आणि पुढे मेट्रोने तासभर, सुरक्षा रांग, आत ३ तास, आणि पुढच्या उड्डाणाच्या ३ तास आधी विमानतळावर. दाशिंग विमानतळ असेल तर एक्स्प्रेस त्साओछ्याओला सोडते, तिथून अंतर जास्त पडतं. मोठं सामान विमानतळावरच ठेवा, विमान दुपारनंतर उतरत असेल तर बेत सोडून द्या, आणि तिकीट काढण्याआधी वार सोमवार नाही ना ते बघा (प्रश्न ५).